मागची खिडकी

मी ओरडतोय असं तुम्हाला वाटेल. ओरडत नाही, बोलतोय. कूलरचा आवाजच असा, त्याला इलाज नाही. मी सुरू झालो की घरातली माणसं एकमेकांशी मोठमोठ्यानं बोलू लागतात, टीव्हीचा आवाज वाढवतात, आणि माझं मात्र कुणीच ऐकत नाही. आज जरा ऐका.

माझा जन्म नागपुरात, लकडगंजच्या एका मागल्या गल्लीत, पत्रा ठोकणाऱ्या कारागिराच्या ओट्यावर झाला. लोखंडी पत्र्याची पेटी, तीन बाजूंना खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या, पोटात पंखा, तळाला पाणी आणि ते पाणी वर चढवणारा एक छोटा पंप, एवढाच माझा संसार. वरून निळा रंग. ना कंपनीचं नाव, ना गॅरंटी. पण पत्रा असा जाड की कुणी एकट्यानं उचलायला गेला तर कंबर धरून बसेल.

मला घरी आणलं नानाजींनी. तांडापेठेतलं त्यांचं घर पिढ्यानपिढ्या विणकरांचं. ज्या वर्षी त्यांनी हातमाग विकला त्याच वर्षी मी आलो, आणि आलो तो थेट मागाच्या खोलीत. माग जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेला असायचा. तो खड्डा भरून वर फरशी घातली, पण नव्या फरशीचा रंग जुनीशी जुळला नाही, त्यामुळे माग कुठं होता ते आजही दिसतं. समोरची खिडकी मोठी करून तिच्याबाहेर, लोखंडी स्टँडवर मला बसवलं. माझ्या तोंडासमोर, पलीकडच्या भिंतीत, एक लहान खिडकी होती. सगळं घर तिला मागची खिडकी म्हणायचं. नानाजी एकटे मागाची खिडकी म्हणायचे. एका कान्याचा फरक, पण त्यांनी तो कधी सोडला नाही.

माग होता तेव्हा ती खिडकी उन्हाळाभर बंद असायची. कोरडी हवा लागली की सूत तडकतं. म्हणून विणकर उन्हाळ्यात खोली बंद आणि ओली ठेवतो. खिडकीवर भिजवलेलं पोतं, जमिनीवर पाण्याचा सडा, दाराखालच्या फटीत चिंधी. नानाजींनी सारी उमर तशा दमट अंधारात काढली आणि त्यांना तो अंधार आवडायचा.

माझं काम नेमकं उलटं. मी बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. ती मागच्या खिडकीतून बाहेर गेली तर खोलीत गारवा. तिला वाट मिळाली नाही तर नुसती चिपचिप. मी एसी नाही, कूलर आहे, आणि हा फरक भल्याभल्या शिकलेल्यांना समजावूनही समजत नाही.

अनुसयाबाईंना, म्हणजे नानाजींच्या बायकोला, तो बरोबर समजला होता. मी सुरू झालो रे झालो की स्वयंपाकघरातून हाक यायची, "मागची खिडकी उघडा वो!"

"सारी ओल चालली जाते," नानाजी कुरकुरायचे.

"जाऊ द्या. सूत नाही आता घरात, माणसं आहेत." असं म्हणत बाई स्वतःच यायच्या, खिडकीची दोन्ही दारं सताड उघडायच्या आणि जाताना माझ्या टाकीत बोट बुडवून पाणी बघून जायच्या.

माणसांचं आणि माझं नातं मतलबी आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. होळी झाली की माझी आठवण. मग माझ्या ताट्या बदलतात, पंपाला तेल घालतात, मला हात लावून विचारतात की यंदा चालशील ना बाबा. मे महिन्यात पाणी कोण भरणार यावरून नवरा-बायको दिवसभर अबोला धरतात. आणि पहिला गार वारा सुटला की मला खिडकीतून काढून त्याच खोलीच्या कोपऱ्यात उभं करतात, वरून जुनी चादर टाकतात आणि मग मी टेबल. माझ्या डोक्यावर पापडाचे डबे, इस्त्रीचे कपडे, जुन्या रद्दीचा गठ्ठा. थंडीत कुणी माझ्याशी एक शब्द बोलत नाही. तक्रार नाही, पण लक्षात असतं.

दोन पावसाळ्यांआधी अनुसयाबाई गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता गेल्या. त्या थंडीत माझ्या डोक्यावर पापडाच्या डब्यांशेजारी त्यांचा फोटो आला.

नानाजींचं बोलणं थांबलं. रागानं नाही, रुसून नाही. एखाद्याचा चष्मा हरवावा आणि तो शोधायचंही त्याच्या मनात येऊ नये, तसं. सून ताट वाढायची, ते अर्धं खाऊन सरकवायचे. मुलगा विचारायचा, ते "हं" म्हणायचे. दिवसभर खाटेवर पडून त्या वेगळ्या रंगाच्या फरशीकडे बघत राहायचे. सून म्हणजे रोशनी. समोरच्या खोलीत तिचं शिलाई मशीन, साड्यांना फॉल-पिको करून देते. मुलगा वैभव, शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला. ही दोघं खोलीच्या दाराशी येऊन हळू आवाजात बोलायची आणि मला सगळं ऐकू यायचं. "आत्याबाईच्या मागं नानाजीबी चालले, मी सांगून राहिली तुम्हाले," असं रोशनी म्हणायची आणि वैभव खाली बघायचा.

संक्रांत होऊन गेल्यावर एका रविवारी सकाळी ऊन खोलीत आलं होतं, म्हणून सगळे तिथंच बसले. वैभवनं विषय काढला. त्याच्या गोदामातला पंकज, त्याची रायपूरला बदली झाली होती. त्याच्याकडे एक पग होता. लहानसं, बसक्या नाकाचं, काळ्या तोंडाचं, शेपटीची जिलबी झालेलं कुत्रं. नव्या घरमालकाला कुत्रं चालणार नव्हतं.

"बाबाले सोबत होईन," वैभव म्हणाला. "भुंकत नाही, चावत नाही. दिवसभर पायाशी पडून राहते म्हणे पंकज."

रोशनी हातात मोबाइल घेऊनच बसली होती. बाईनं अभ्यास केला होता. "मी पाहिलं नं सारं. या कुत्र्याले श्वास पुरत नाही, नाकच तसं असते. त्याच्या तोंडाच्या घड्या रोज पुसा लागतात. वजन वाढलं का अजून दम लागते. आन गर्मी त त्याले बिलकूल सहन होत नाही. आपल्या इथं मे महिन्यात माणसाचं डोकं फिरते, त्या जिवाचं काय होईन?"

"कूलर आहे नं," वैभव म्हणाला.

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी फुलाफुलांच्या चादरीखाली, डोक्यावर पापडाचे डबे घेऊन उभा होतो. भर थंडीत कुणी माझं नाव घेतलं याचाच मला कोण आनंद झाला. पत्रा असूनही फुगलो म्हणा ना.

पण आता विचार केला की कळतं. रोशनीचा प्रश्न खरा होता. हे कुत्रं चांगलं की वाईट, हे ती विचारत नव्हती. ते आपल्या घराला, आपल्या गावच्या उन्हाला, आपल्या माणसांच्या सवयींना झेपेल का, हे विचारत होती. त्या प्रश्नावर अजून बरंच बोलता आलं असतं. दुपारी त्याच्याजवळ कोण असणार, त्या माणसाला काय सांगून ठेवायचं, त्याचा जीव घाबरला तर कुठं न्यायचं. उत्तरात माझं नाव आलं आणि सगळं बोलणं तिथंच मिटलं.

"मले विचारलं काय कोणी?" नानाजी एकदम म्हणाले. "मले नाही पाहिजे कुत्रं-बित्रं. माणूस गेलं त त्याची जागा कुत्र्यानं भरते काय?"

किती तरी महिन्यांनी त्यांच्या तोंडून एवढं मोठं वाक्य निघालं होतं. वैभव आणि रोशनीनं एकमेकांकडे पाहिलं आणि कुत्रं आणायचं ठरलं.

त्याचं नाव सुलतान. वीतभर जीव, चालताना डुलायचा, आणि नाव सुलतान. आल्या दिवशी त्यानं सगळं घर हुंगलं आणि शेवटी त्या वेगळ्या रंगाच्या फरशीवर येऊन पोट टेकवून पडला. नानाजी खाटेवरून बघत होते. खाली खड्डा भरलेला, तिथं जमीन जरा गार असते. इतक्या जागा सोडून नेमका तिथंच कसा, म्हणून असेल, पण ते त्याच्याकडे बघतच राहिले.

"काहून गा नकट्या," ते शेवटी म्हणाले. "दुसरी जागा नाही भेटली काय तुले?"

त्या दिवसापासून तो नकट्या. सुलतान नाव फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर उरलं.

नकट्याचा श्वास म्हणजे एक चीज होती. आत घेताना घुर्र, सोडताना खुर्र. जागा असला तरी, झोपला असला तरी. रोशनीला आधी काळजी वाटायची, मग सवय झाली. मला तर तो बिरादरीचाच वाटला. मी उन्हाळ्यात घुरघुरणार, हा बारा महिने. नानाजींना त्या आवाजाशिवाय चैन पडेना. माग होता तेव्हा त्यांचे कान दिवसभर खटखट ऐकायचे. माग गेला, मग उन्हाळ्यापुरता मी. बाकी वर्ष त्यांच्या कानांना रिकामंच जायचं. आता पायाशी एक आवाज होता आणि तो थांबत नव्हता.

हळूहळू ते त्याच्याशी बोलायला लागले. आधी शिव्याच. मग कौतुक. मग जुन्या गोष्टी. मागावर उभ्या धाग्यांचा ताणा कसा लावतात, एक धागा तुटला तर बोटानं कसा सांधतात, अनुसया सुताच्या कांड्या भरताना कशी डुलक्या घ्यायची, उमरेडहून तिला लग्न करून आणलं तेव्हा ती बैलगाडीतच कशी झोपली होती. नकट्या डोळे वटारून ऐकायचा. त्याचे डोळे मुळातच बाहेर आलेले, त्यामुळे तो सगळंच फार लक्ष देऊन ऐकतोय असं वाटायचं. रोशनी मशीन थांबवून दाराशी उभी राहायची आणि पदरानं डोळे पुसून परत जायची.

नानाजी जेवायला लागले. आपल्या ताटातली दुधात कुस्करलेली पोळी नकट्याला द्यायची म्हणून का होईना, बसून जेवायला लागले. नकट्या मात्र गोल व्हायला लागला. "नानाजी, त्याचं वजन वाढून राहिलं नं," रोशनी टोकायची. "बाळसं आहे ते," नानाजी म्हणायचे, आणि म्हातारा बोलतोय, जेवतोय, हे बघून ती पुढं काही म्हणायची नाही.

होळी झाली. मला परत खिडकीत बसवलं, नव्या ताट्या लावल्या. पहिल्या दिवशी मी घरघरलो तेव्हा नकट्या दचकून खाटेखाली गेला. मग गार हवा लागली तसा हळूच बाहेर आला आणि माझ्यासमोर तोंड करून, पाय चारी दिशांना पसरून पडला. डोळे मिटून घ्यायचा, जीभ लोंबत ठेवायचा. माझं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. मला तो आवडला, हे सांगायला मी कशाला लाजू.

मागची खिडकी रोशनी न चुकता उघडायची. हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, पण सासूची ती सवय तिनं उचलली होती.

मग नवतपा लागला, मे अखेरचे ते नऊ तापते दिवस. नवतपा म्हणजे काय ते नागपूरकराला सांगायला नको. सकाळी नऊला रस्ता पांढरा दिसायला लागतो, नळाला गरम पाणी येतं, दुपारी गल्लीत चिटपाखरू नसतं. रोशनीला त्यातच रामटेकला जावं लागलं, तिच्या भाचीचं बारसं होतं. निघताना तिनं नानाजींना चारदा बजावलं. "दुपारी कूलरमधे पाणी टाकजा. नकट्याले बाहेर काढू नका. आन मागची खिडकी उघडी ठेवजा, बरं."

"हो वं, जा तू," नानाजी म्हणाले. "मी काय लहान पोट्टा आहे?"

दुपारपर्यंत सगळं नीट होतं. मग लू सुटली. मागच्या खिडकीतून गरम हवेचा झोत उलटा आत यायला लागला, सोबत धूळ. नकट्या फरशीवरून उठला, दुसरीकडे जाऊन पडला, परत उठला. जीभ लांब बाहेर, पोट भात्यासारखं चाललेलं. नानाजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात पटकन काढून घेतला.

"कोरडी हवा लागून राहिली तुले," ते म्हणाले. "थांब गा. थांब."

कोरडी हवा लागली की काय करायचं, हे त्या माणसाच्या हातांना ठाऊक होतं. डोक्याला विचारायची गरजच पडली नाही. त्यांनी मागची खिडकी लावली. खाटेखालचं पोतं काढलं, बादलीत भिजवलं आणि खिडकीवर ताणून बांधलं. फरशीवर पाण्याचा सडा टाकला. दार लोटून खालच्या फटीत चिंधी सारली. किती वर्षांनी त्यांच्या अंगात ती चपळाई आली होती. मग माझ्या टाकीत काठोकाठ पाणी ओतलं आणि माझा वेग वाढवला.

खोलीत अंधार झाला. ओला, मऊ अंधार. नानाजी त्या वेगळ्या रंगाच्या फरशीवर बसले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की मी तसं कधी पाहिलं नव्हतं. माग परत आल्यासारखं वाटलं असेल त्यांना.

मी ओली हवा आत ढकलत होतो आणि ती कुठंच जात नव्हती. भिंतींना पाझर फुटला. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो तोंडानं धापा टाकून अंगातली आग बाहेर टाकतो, आणि बाहेरची हवाच ओली गच्च असेल तर ती आग जाणार कुठं? नकट्याचं तर नाकही अर्धंच. त्याचा घुर्र-खुर्र वेगळा व्हायला लागला. आधी जलद, मग घशातून करवत चालल्यासारखा. तो उठून दाराशी गेला आणि चिंधीवर पंजा मारायला लागला.

"तिकडं लू आहे रे वेड्या," म्हणत नानाजींनी त्याला उचलून आणलं. आपला दुपट्टा ओला करून त्याच्याभोवती गुंडाळला आणि त्याला मांडीवर घेतलं.

माझा पंप असा आहे की नको तेव्हा हमखास बंद पडतो. पाहुणे आले की बंद, सणाच्या दिवशी बंद. लाइटही आमच्या गल्लीत दुपारी एकदा तरी जातेच. त्या दिवशी पंप बंद पडला नाही आणि लाइट गेली नाही.

नानाजी बोलत होते. लहानपणी बापानं पहिल्यांदा मागावर बसवलं ती गोष्ट सांगत होते. थोड्या वेळानं नकट्याची धाप संथ झाली. "लागली काय झोप?" त्यांनी विचारलं, आणि त्याच्या पाठीवर थोपटता थोपटता, भिंतीला टेकून त्यांचाही डोळा लागला.

अनुसयाबाई एकदा कुणाला तरी सांगत होत्या. शेजारपाजारचे माग थांबले की या माणसाला लगेच जाग यायची, चालू असले की ढोल वाजवा, उठायचा नाही. तसंच झालं. नानाजी दचकून जागे झाले. मी पूर्ण वेगानं चालू होतो आणि तरी खोलीत शांत होतं.

रोशनी संध्याकाळी आली. दार ढकललं, चिंधीमुळे अडकलं, जोरानं ढकललं. आतल्या दमट हवेचा भपकारा तिच्या तोंडावर आला. नानाजी फरशीवर तसेच बसले होते, मांडीवर ओला दुपट्टा.

"उठून नाही राहिला वं हा," ते म्हणाले.

तिनं नकट्याकडे पाहिलं. जीभ जांभळी पडली होती. मग तिनं खिडकीकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. ती वळली तेव्हा कळल्याची ती मुद्रा मी समोरून बघितली, कारण त्या खोलीत मी समोरच बघू शकतो. ती रडली नाही. आधी पोतं सोडलं, गुंडाळून खाटेखाली ढकललं. खिडकी सताड उघडली. मला बंद केलं. मग खाली बसली आणि मग रडली.

वैभव आल्यावर त्यानं पहिलं तेच विचारलं. "खिडकी बंद होती काय?"

"उघडी होती," रोशनी म्हणाली. "मी आली तवा उघडीच होती. लू लागली त्याले."

नानाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. तिनं ते खोटं का सांगितलं ते न कळायला मी काही निव्वळ पत्रा नाही. म्हातारा नुकता कुठं बोलायला लागला होता. हे त्याच्या हातून झालं असं त्याला कळलं तर तो परत त्या खाटेवर जाईल आणि या वेळी उठणार नाही, ही तिची भीती होती. प्रेमानं सांगितलेलं खोटं होतं ते.

वैभवनं नकट्याला खोक्यात ठेवून वाडीला नेलं, गोदामामागच्या मोकळ्या जागेत पुरलं. गल्लीत कुणी विचारलं तर तो सांगायचा, "ते जातच कच्ची असते हो." लोक मान हलवायचे. नानाजींचं बोलणं परत बंद झालं. "हं" सुद्धा गेलं.

ही झाली गेल्या उन्हाळ्याची गोष्ट. यंदा होळीनंतर मला खिडकीत बसवलं तेव्हा मागच्या घरातली प्रीती आली. तिचं अंगण आमच्या मागच्या खिडकीला लागून आहे. "वैनी, तुमचा नकट्या कशानं गेला वं? आमच्या पोट्ट्यांनी तसंच आणा म्हणून जिद्द धरली आहे. घ्यावं का नको, समजून नाही राहिलं."

नानाजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. रोशनीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिला सांगता आलं असतं. पण खिडकीचं सांगायचं तर आमची बंद होती हे सांगावं लागलं असतं, तेही त्यांच्या उशाशी.

"लू लागली त्याले," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "नको घेऊ वं. त्याले गर्मी सहन नाही होत. इथलं नाहीच ते."

"लू नं?" प्रीतीचा जीव भांड्यात पडला. "मंग काही नाही. आमच्याकडे नवीन कूलर आहे."

पिल्लू आलं. मागच्या खिडकीतून त्याचं घुर्र-खुर्र ऐकू येतं. पहिल्यांदा आलं तेव्हा नानाजी खाटेवर उठून बसले, खिडकीकडे बराच वेळ बघत राहिले.

आणि आता मे महिना आहे. रोज दुपारी जेवण झालं, समोर रोशनीचं मशीन सुरू झालं, की नानाजी उठतात. मागची खिडकी लावतात. खाटेखालचं पोतं काढून भिजवतात आणि वर बांधतात. सडा टाकतात. दाराच्या फटीत चिंधी सारतात. मग मला सुरू करून त्या वेगळ्या रंगाच्या फरशीवर मांडी घालून बसतात, दोन बोटांनी आपलं नाक दाबून धरतात आणि तोंडानं श्वास घेतात.

पहिल्या दिवशी मला काही समजलं नाही. दुसऱ्या दिवशी ते बोलले. साऱ्या घराशी जो माणूस बोलत नाही, तो माझ्याशी बोलला. "अनुसयाबी रोशनीसारखीच खोटं बोले," म्हणाले. "ताणा मी तोडो, आन ते म्हणे, सूतच कच्चं होतं. सूत कच्चं नव्हतं गा. आन असलं, तरी कच्च्या सुताले तसं सांभाळा लागते. आम्ही नकट्याले आमच्या मागावर चढवलं." आणि परत नाक दाबलं.

रोज ते कालच्यापेक्षा जास्त वेळ बसतात. त्या कोंडलेल्या वाफेत चेहरा लाल होतो, मग काळवंडतो. दम लागला की हात सुटतो, खोकतात, परत धरतात. रोशनी मशीनवरून उठायच्या आत पोतं, चिंधी काढून खिडकी उघडून ठेवतात. नकट्याला कसं झालं असेल ते त्यांना पुरतं समजून घ्यायचंय. पलीकडे रोशनीला माझा आवाज ऐकू येतो. काल ती वैभवला समाधानानं सांगत होती, "आजकाल नानाजी दुपारी कूलर लावून मस्त झोपतात." तिनं एकदा खिडकीबद्दल तोंड बंद केलं ते केलंच. आता ती विचारणार कुणाला, आणि नानाजी सांगणार कुणाला?

तुमच्याही घरी कधी असं बसक्या नाकाचं, लोभस पिल्लू आणायची गोष्ट निघेल. घरात एखादी रोशनी असेल, ती खरा प्रश्न विचारेल. तिला पुरतं बोलू द्या. तुमचं गाव कसं आहे, दुपारी घरी कोण असतं आणि त्याच्या हातांना कसली सवय आहे, ते बघा. नाही झेपणार असं वाटलं तर नाही म्हणा, त्यात कसलाही कमीपणा नाही. पण माझं नाव घेऊन तो प्रश्न मिटवू नका. मी एक पत्र्याची पेटी आहे, जिथं बसवाल तिथं चालत राहणारी.

आत्ता दुपारच आहे. पोतं बांधून झालंय, चिंधी सारून झालीये. पाणी काठोकाठ आहे, पंप चालू आहे, लाइट जात नाही. समोर फरशीवर ते बसलेत, बोटं नाकावर, आणि आज ते खोकत नाहीत, हात सोडत नाहीत, डोकं हळूहळू छातीवर येतंय. मशीन अजून चालूच आहे. सुरुवातीला म्हणालो होतो की मी ओरडत नाही. आता ओरडतोय. रोशनी, वैभव, मागच्या घरची प्रीती, कुणीही, अहो कुणीतरी ऐका. मागची खिडकी उघडा वो!